थंडीला पुरून उरणारी ब्लॅकबेरी

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात आलेल्या युरोपीय वसाहतवाल्यांनी कुऱ्हाड आणि अग्नी यांच्या साहाय्याने अरण्ये तोडून जी जमीन लागवडीखाली आणली, त्या जमिनीवर गहू-मक्याच्या बरोबरीने, किंबहुना त्याहूनही अधिक जोमाने, जी वनस्पती न पेरता उगवली आणि न जोपासता फोफावली, ती म्हणजे रानटी ब्लॅकबेरी. घनदाट वृक्षांच्या सावलीत कसाबसा जीव धरून राहिलेल्या या काटेरी झुडपाला उघडा सूर्यप्रकाश मिळताच त्याने बांध, कुंपणे, रस्त्यांच्या कडा आणि पडीक शेते बिनदिक्कत व्यापली. पाखरांनी बिया दूरवर नेल्या. एरवी परस्परांपासून दूर राहणाऱ्या जाती शेजारी आल्या, त्यांचा संकर झाला, आणि गोड, आंबट, लांबट, गोल, चिवट, नाजूक अशा असंख्य प्रकारच्या प्रजेने तो मुलूख भरून गेला. शेतकऱ्याच्या लेखी मात्र ही सारी प्रजा शत्रुपक्षातलीच होती. उन्हाळ्यात बायकामुलांनी टोपल्या भरभरून फळे आणावीत आणि इतर वेळी घरधन्याने विळा-कोयता घेऊन तीच झुडपे छाटीत बसावे, अशी वहिवाट दीडदोनशे वर्षे चालली. जे फळ कुंपणावर फुकट मिळते त्याची मशागत करावी, त्याला खत घालावे, त्याला नाव द्यावे, हा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

या फळाची नीट ओळख आपल्या वाचकांस करून देणे अवश्य आहे, कारण महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजारात तुती आणि रास्पबेरी ही दोन्ही फळे विकावयास येत असल्यामुळे ब्लॅकबेरीचे नाव निघाले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे काळी तुतीच उभी राहते. तुती हे वृक्षाचे फळ आहे, आणि फणसाप्रमाणे ते अनेक फुले मिळून बनलेले संयुक्त फळ आहे. ब्लॅकबेरी ही गुलाबाच्या कुलातली, काटेरी झुडपावर येणारी. तिच्या एकाच पांढऱ्या फुलातील अनेक स्त्रीकेसरांपासून इवलीशी रसाळ फळे तयार होतात आणि ती सर्व एका मऊ गाभ्याभोवती चिकटून एक घोसफळ बनते. तिची सख्खी बहीण जी रास्पबेरी, ती तोडताना तो गाभा झाडावरच राहतो आणि हातात पोकळ टोपी येते. ब्लॅकबेरीचा गाभा फळाबरोबर तुटून येतो आणि फळाबरोबरच खाल्ला जातो. म्हणूनच गाभा कोवळा की कठीण, यावर जातीची प्रतवारी पुष्कळशी अवलंबून असते.

रानातल्या या फळाला बागेत स्थान मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८४१ साली मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात ‘डॉर्चेस्टर’ नावाची ब्लॅकबेरी मांडली गेली. नाव धारण करून लोकांसमोर आलेल्या पहिल्या अमेरिकन जातींत तिची गणना होते. १८३४ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावी रस्त्याच्या कडेला ल्यूइस सीकॉर यांस एक मोठ्या फळांचे झुडूप आढळले होते; विल्यम लॉटन यांच्या खटपटीने पुढे ते ‘लॉटन’ या नावाने सर्वत्र विकले गेले. न्यू जर्सीने ‘किटॅटिनी’ दिली. या सगळ्या जाती कोणत्याही शास्त्रज्ञाने संकर करून निर्माण केलेल्या नव्हत्या. कोणाची तरी चाणाक्ष दृष्टी शेकडो सारख्या दिसणाऱ्या झुडपांतल्या एकावर स्थिरावली आणि त्या व्यक्तीने ते मुळासकट उपटून घरी आणले, एवढाच त्यांचा जन्मवृत्तान्त.

परंतु समुद्रकिनाऱ्यालगतच्या सौम्य हवेत नांदणाऱ्या या जाती जेव्हा वसाहतवाल्यांबरोबर पश्चिमेकडे, म्हणजे इंडियाना, मिशिगन, विस्कॉन्सिन, आयोवा अशा खंडाच्या पोटातल्या प्रांतांत गेल्या, तेव्हा तेथील हिवाळ्याने त्यांची दैना केली. विस्कॉन्सिनमध्ये पारा शून्याखाली ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरावा हे अपूर्व नव्हे. लॉटनसारखी डौलदार जात एखाद्या सौम्य वर्षी भरघोस फळे देई आणि पुढच्या वर्षी वसंतात तिचे सगळे फोक काळे पडून वाळलेले दिसत. किटॅटिनीवर थंडीखेरीज तांबेऱ्याचेही संकट होते. रोपांची किंमत देऊन, तीन वर्षे वाट पाहून, शेवटी हाती सरपणही न लागावे, अशी त्या शेतकऱ्यांची कैफियत होती.

त्या कैफियतीचे उत्तर एका शेताच्या परिसरातच उगवून आले. १८५१ च्या सुमारास इंडियाना प्रांतातील ला पोर्ट गावाजवळ, मिशिगन सरोवराच्या दक्षिणेस, हेन्री स्नायडर यांच्या शेतावर किंवा त्याच्या आसपास आपोआप उगवलेले एक झुडूप लोकांच्या नजरेस आले आणि त्याला मालकाचे नाव मिळाले. ते प्रसिद्धीस येण्यास पुढे बरीच वर्षे लागली. पण एकदा थंडी सोसण्याचा त्याचा गुण लोकांस कळल्यावर उत्तरेकडच्या आणि वायव्येकडच्या बागाइतीत ‘स्नायडर’ हे नाव भरवशाचे प्रतीक होऊन बसले. लिबर्टी हाइड बेली यांनी १८९८ साली अमेरिकेच्या देशी फळांचा जो विकासेतिहास लिहिला, किंवा यू. पी. हेड्रिक यांनी १९२५ साली न्यूयॉर्कच्या लहान फळांवर जो प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, त्यांत स्नायडरचा उल्लेख टाळता येणे शक्यच नव्हते.

स्नायडरचे रूप पाहून कोणी मोहित व्हावे असे नाही. फळ मध्यम किंवा लहानच, जवळजवळ गोल. बाजारात लॉटनच्या शेजारी ठेवले तर गिऱ्हाइकाचा हात लॉटनकडे जावा. मात्र पूर्ण पिकल्यावर ते गोड असते आणि त्याचा गाभा दाताला कठीण लागत नाही. पूर्ण पिकणे म्हणजे काय, हे मात्र समजून घेतले पाहिजे. ब्लॅकबेरी काळी झाली म्हणजे पिकली असे नव्हे. ती प्रथम हिरवी, मग लाल, मग चकचकीत काळी होते, आणि या चकचकीत अवस्थेत तोडली तर जीभ आक्रसून जाते. दोनचार दिवसांनी ती चकाकी मावळते, फळ किंचित निस्तेज आणि टपोरे दिसू लागते, आणि बोटाचा नुसता स्पर्श होताच देठापासून सुटून तळहातावर येते. त्या क्षणी तिचा खरा स्वाद असतो. दूरच्या बाजारासाठी माल भरणारा व्यापारी त्या क्षणाची वाट पाहू शकत नाही, आणि ब्लॅकबेरी आंबट असते हा शहरवासीयांचा समज पुष्कळसा त्या घाईतून जन्मास आला आहे. ज्याच्या परसात झुडूप आहे त्यालाच या फळाचे पूर्ण सुख लाभते, आणि स्नायडर ही मुळातच परसाची जात होती.

थंडी सोसण्याचा हा गुण ब्लॅकबेरीच्या बाबतीत एवढा मोलाचा का, हे कळण्यासाठी तिच्या आयुष्यक्रमाकडे पाहावे लागते. आपल्या केळीचा खांब जसा एकदाच घड देऊन संपतो आणि गड्डा मात्र मुनव्यांच्या रूपाने पुढे जगत राहतो, तसाच काहीसा प्रकार येथे आहे. मुळे दीर्घायुषी, पण जमिनीवरचा प्रत्येक फोक दोन वर्षांचा धनी. पहिल्या उन्हाळ्यात फोक जमिनीतून वर येतो, पुरुषभर वाढतो, पाने धारण करतो, पण फुलत नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याच्या डोळ्यांतून लहान फांद्या फुटतात, त्यांवर फुले व फळे येतात, आणि फळे संपताच तो वाळून जातो. म्हणजे पुढच्या श्रावणाची सारी फळे आदल्या हिवाळ्यात उघड्या फोकाच्या डोळ्यांत गर्भरूपाने असतात. तो फोक मेला की मुळे जिवंत असूनही त्या वर्षीचा हंगाम बुडाला. झाड मरत नाही, दर वसंतात हिरवेगार उगवते आणि फळ मात्र वर्षानुवर्षे देत नाही, ही शीत प्रदेशातील ब्लॅकबेरीची शोकान्तिका आहे. आणि म्हणून तेथे जातीची परीक्षा फोकाच्या काटकपणावरच होते.

हा काटकपणा झाडाच्या अंगी एका रात्रीत येत नाही. उन्हाळा सरून दिवस लहान होऊ लागले की फोकाची वाढ थांबते, कोवळे अंग काष्ठमय होते, पेशींत शर्करा साठते, आणि पहिली कडक थंडी पडू लागली की पेशींतले पाणी हळूहळू बाहेरच्या पोकळ्यांत झिरपून तेथे गोठते. पेशीच्या बाहेर झालेला बर्फ सहसा प्राणघातक नसतो. आत झालेला असतो. डोळ्याच्या गर्भात दडलेल्या फुलांच्या अंकुरांतील पाणी तर गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जाऊनही द्रवरूपातच राहू शकते. मात्र त्यालाही सीमा असते, आणि ती सीमा जातीजातीत निराळी. जी जात वेळीच वाढ थांबवून आपले लाकूड पक्के करते ती तरते. जी शरदापर्यंत कोवळी पालवी फेकीत राहते ती पहिल्याच तडाख्यात जाते. म्हणूनच उन्हाळ्याच्या अखेरीस नत्रयुक्त खत घालू नये असे जाणते बागाईतदार सांगतात. खुद्द कडाक्यापेक्षा मधूनच येणारी उबदार हवा कित्येकदा अधिक घात करते, कारण ब्लॅकबेरीची निद्रा तशी सावध. चार दिवस ऊन पडले की ती जागी होऊ लागते आणि पाचव्या दिवशीच्या हिमाला बळी पडते. बर्फाचा जाड थर हा मात्र तिचा मित्र. हिवाळा संपल्यावर थरात बुडालेला फोकाचा भाग हिरवा आणि वर उघडा राहिलेला शेंडा मेलेला, अशी स्पष्ट रेषा पुष्कळदा पाहावयास मिळते. फुलोऱ्याच्या बाबतीत मात्र ती सुदैवी आहे. सफरचंद, पीच यांच्या मागाहून फुलत असल्यामुळे वसंतातल्या अवकाळी हिमाची झळ तिच्या फुलांस क्वचितच लागते.

जेथे स्नायडरसारख्या जातीचाही निभाव लागण्याची शाश्वती नव्हती, अशा विस्कॉन्सिन-मिनेसोटाच्या शेतकऱ्यांनी झुडपे चक्क निजवून ठेवण्याची एक रीत बसवली होती. फ्रेड कार्ड यांनी १८९८ साली लिहिलेल्या झुडपी फळांवरील पुस्तकात जी शीतसंरक्षणाची माहिती येते, तिच्यात या रीतीला मानाचे स्थान आहे, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. पानगळ झाल्यावर, पण जमीन गोठण्यापूर्वी, फळ देऊन वाळलेले जुने फोक कापून काढावयाचे. मग दोघांनी मिळून कामास लागावयाचे: एकाने झुडपाच्या एका बाजूची माती दाताळ्याने उकरून मुळे मोकळी करावयाची, दुसऱ्याने सगळे फोक एकत्र कवळून, बुंध्याला पायाचा रेटा देऊन, उकरलेल्या बाजूस हलके हलके वाकवावयाचे. यातली खुबी अशी की बाक फोकात यावयाचा नाही, मुळात यावयाचा; फोक काष्ठमय असल्यामुळे तडकन मोडतो, मूळ मात्र लवचीक असल्यामुळे वळते आणि वसंतात पुन्हा सरळ होते. आडव्या झालेल्या झुडपाच्या शेंड्यावर फावडेभर माती टाकून तो दाबून धरावयाचा, ओळीतले पुढचे झुडूप त्याच्या बुंध्यावर निजवावयाचे, आणि अशा रीतीने सगळी ओळ झोपवून तिच्यावर मातीचा पातळ थर पसरावयाचा. थर जाड झाला तर डोळे कुजतात. पातळ असला तर उरलेले काम बर्फ करतो. वसंतात डोळे फुगू लागण्याच्या सुमारास माती दूर करून झुडपे उभी करावयाची आणि तारेला बांधावयाची. काट्यांनी ओरबाडलेले हात, गारठलेली माती आणि कडाका पडण्यापूर्वी काम उरकण्याची घाई, हे सारे ध्यानात घेतले म्हणजे एका टोपलीभर फळांसाठी त्या लोकांनी केवढे कष्ट उपसले याची कल्पना येते. आणि जेथे असे निजवल्यावाचून निभत होते, तेथील शेतकऱ्यास स्नायडरचे फळ लहान असल्याची खंत का वाटली नसेल, हेही उमगते.

येथे एका वेगळ्या जातीची आठवण होते, कारण तिच्या नावात आपला हिमालय आहे. कॅलिफोर्नियातील विख्यात वनस्पतिसंवर्धक ल्यूथर बरबँक यांनी १८८५ च्या सुमारास हिंदुस्थानातून आलेल्या बियांपासून एक अवाढव्य वाढणारी ब्लॅकबेरी तयार करून ‘हिमालया जायंट’ या नावाने तिची जाहिरात केली. वस्तुतः ती वनस्पती आर्मेनियाच्या बाजूची, हिमालयाची नव्हे. पॅसिफिक किनाऱ्याच्या ओलसर, सौम्य हवेत ती अशी माजली की आज ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन प्रांतांत तिची गणना उपद्रवी तणांत होते. खंडाच्या अंतर्भागातील हिवाळ्यापुढे मात्र तिचा तो माज टिकण्यासारखा नव्हता. वाढीचा जोम आणि सहनशक्ती हे दोन भिन्न गुण आहेत, हे फळबागाइतीत जितक्या लख्खपणे दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

स्नायडरचा अंमल ओसरण्याचे कारण तिच्यातला बिघाड नव्हे. रेल्वे आली, बाजार दूर गेला, आणि फळ मोठे असावे, प्रवासात टिकावे, अशी मागणी सुरू झाली. १८८० च्या सुमारास ओहायोतील एल्डोरॅडो गावी आपोआप उगवलेली, त्याच गावाचे नाव घेतलेली जात पुढे आली. तिचे फळ अधिक मोठे, थंडी सोसण्याची ताकद चांगली, आणि तांबेऱ्यालाही ती दाद देत नसे. या एल्डोरॅडोच्या वंशाचा विस्तार पाहण्याजोगा आहे. न्यूयॉर्क संस्थानातील जिनीव्हा येथील प्रयोगकेंद्रातून १९५८ साली ‘डॅरो’ ही जात बाहेर पडली. तिच्या आजी-आजोबांत एल्डोरॅडो आहे, आणि उत्तरेकडील परसबागांत ती आजही लावली जाते. १९६४ साली आर्कान्सॉ विद्यापीठात जेम्स मूर यांनी ब्लॅकबेरीच्या संवर्धनाचे जे कार्य आरंभिले, त्यातून १९७४ साली आलेल्या ‘चेरोकी’ आणि ‘कोमांची’ या जातींचे एक पालक ही डॅरोच. म्हणजे ओहायोतल्या एका अनाम पाखराने टाकलेल्या बीचे रक्त आजच्या पुष्कळ व्यापारी जातींच्या अंगी खेळते आहे. दरम्यान बिनकाट्यांच्या जातींची चलती झाली. तोडणी सुखाची झाली, पण त्यांपैकी बहुतेकींना उत्तरेचा हिवाळा सोसला नाही, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस इलिनॉय विद्यापीठाने थंडीसाठी म्हणून जी ‘इलिनाय हार्डी’ दिली, तीही पुन्हा काटेरीच निघाली. २००४ साली आर्कान्सॉहून पहिल्याच वर्षाच्या फोकावर फळ देणाऱ्या ‘प्राइम-जिम’ आणि ‘प्राइम-जॅन’ आल्या, तेव्हा शीत प्रदेशातल्या लोकांना वाटले की आता हिवाळ्यापूर्वी सगळे फोक जमिनीलगत कापून टाकावेत आणि चिंता मिटवावी; परंतु या जातींची फळे हंगामाच्या उत्तरार्धात पिकतात, आणि जेथे शरदातले हिम लवकर येते तेथे कित्येक घोस हिरवेच राहून करपतात. दोन वर्षांच्या फोकावर फळ देणाऱ्या, हिवाळा अंगावर घेणाऱ्या जुन्या जातींची गरज त्यामुळे अजून संपलेली नाही.

जुन्या जातीचे रक्षण ही गोष्ट बी जपून ठेवण्याइतकी सोपी नाही. ब्लॅकबेरीच्या बीपासून आईसारखे झाड येईलच असे नसते. संकरातून जन्मलेल्या या वंशात प्रत्येक बी म्हणजे नवा जीव. स्नायडर राखावयाची तर स्नायडरच्याच मुळाचा तुकडा किंवा फुटवा लावला पाहिजे. शरदात शिसपेन्सिलीएवढ्या जाडीच्या मुळांचे तीनचार इंचांचे तुकडे काढून, ओलसर वाळूत हिवाळाभर ठेवून, वसंतात आडवे पुरले की त्यांतून कोंब येतात. तेव्हा आज कोठे अस्सल स्नायडर असेल तर ती १८५१ च्या सुमारास ला पोर्टजवळ सापडलेल्या त्या झुडपाची संतती म्हणण्यापेक्षा त्याचेच अंग आहे; माणसांच्या हातांतून हातांत जात राहिलेला तोच एक जीव. मला या फळाविषयी जी ओढ वाटते तिचे मूळ येथे आहे. काटकपणा झाडाने निसर्गाकडून मिळवला. पण तो ओळखला शेतकऱ्याच्या नजरेने, आणि टिकवला तो दर पिढीत कोणी तरी कुदळ घेऊन फुटवा काढून शेजाऱ्याला दिला म्हणून. ऑरेगॉनमधील कॉर्व्हॅलिस येथे १९८१ पासून सरकारी वनस्पतिसंग्रह आहे आणि तेथे ब्लॅकबेरी-रास्पबेरीच्या कुळातील असंख्य प्रकार जिवंत ठेवले जातात. हे कार्य मोठे आहे, पण शेकडो परसांतल्या हातांची जागा एक संस्था घेऊ शकेल असे मला वाटत नाही.

या हातांना एक सावधगिरी मात्र शिकावी लागते. जुन्या जातींच्या वाफ्यांत कधी कधी अशी झुडपे निपजतात की ज्यांना फुले भरपूर येतात, पण फळ धरत नाही, किंवा धरले तर चारदोन दाण्यांचे वेडेवाकडे. विषाणूमुळे वा झाडातल्याच एखाद्या फेरफारामुळे असे घडते. फळांचा भार नसल्यामुळे ही वांझ झुडपे इतरांपेक्षा जास्त धष्टपुष्ट दिसतात, फुटवेही जास्त देतात, आणि हिवाळ्यात पाने गळाल्यावर रोपे काढणारा माणूस साहजिकच त्यांच्यावरच हात टाकतो. रोपवाटिकांतून अशी रोपे विकली गेल्यामुळे चांगल्या जातींची बदनामी झाल्याचे दाखले आहेत. तांबेऱ्याचेही तसेच; तो मुळांपर्यंत पोचतो, वसंतात पानांच्या पाठीवर नारिंगी भुकटीच्या रूपाने दिसतो, आणि उन्हाळा चढल्यावर दिसेनासा होऊनही आत जिवंत राहतो. अशा झुडपावर औषध नाही; ते मुळांसकट खणून काढावे लागते. म्हणून जाणता बागाईतदार निवड हिवाळ्यात करीत नाही. वसंतात पाने उलटून पाहतो, फळे भरली असताना ओळींतून फिरून ज्या झुडपाचे घोस भरगच्च आणि दाणे सारखे आहेत त्याच्या बुंध्याला चिंधी बांधून ठेवतो, आणि शरदात कुदळ घेतो तेव्हा केवळ चिंधी असलेल्या झुडपांचीच मुळे काढतो.